तबक धरण्याचं काम

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात उद्घाटनाचं तबक फक्त बायकांनाच धरता येतं. पुरुषाच्या हातात दिलं की म्हणे कात्री घसरते!

काल नव्या पंपघराचं उद्घाटन होतं. ते उभं केलं आमच्या उपअभियंता शिंदेबाईंनी, दोन वर्षं चिखल तुडवून. साहेबांनी मात्र आदल्या दिवशीच सांगितलं, "मॅडम, उद्या छानशी साडी नेसून या. तबक तुमच्याकडे. पाहुण्यांना माहिती मी देईन."

मी इथली कारकून. हेच तबक मीही वीस वर्षं धरलंय. स्टीलचं आहे, हलकं आहे, पण दोन्ही हातांनी धरावं लागतं. हात असे गुंतले की बाईला पुढे होऊन 'हे मी केलंय' असं दाखवता येत नाही. फोटोत तिचे हात येतात, चेहरा पाहुण्यांच्या खांद्यामागे जातो. हा नियम कुठेच लिहिलेला नाही, त्यामुळे तो खोडायचा तरी कुठून? याचाच मला संताप येतो.

पाहुण्यांनी फीत कापली, पंपाचं बटण दाबलं. पंप ढिम्म. पुन्हा दाबलं. तरी ढिम्म. साहेबांना दरदरून घाम फुटला.

"मॅडम, अहो, बघा ना जरा पटकन!" ते कुजबुजले.

शिंदेबाईंनी शांतपणे तबक त्यांच्यापुढे केलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आधी हे धरा, सर. दोन्ही हातांनी."