दवंडीकाकूच्या तोंडातल्या टाचण्या

कुणाच्या घरी काय शिजतंय हे शिजवणारीच्या आधी तिला कळायचं, म्हणून गल्ली तिला दवंडीकाकू म्हणे. धंदा शिवणकामाचा. माप घेता घेता ती गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढायची. गप्प व्हायची ती फक्त कपडा अंगावर बेतताना, कारण तेव्हा ओठांत टाचण्यांची रांग असे.

या जिभेपायीच थोरल्या जाऊबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. लढाईत गाव शत्रूच्या ताब्यात गेलं, तरी अबोला सुटला नाही. मग एका दुपारी जाऊबाई आपणहून दुकानात आल्या, मागे त्यांचा तरणाताठा मुलगा. त्यानं शत्रूच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या होत्या आणि सैनिक घरोघर त्याला हुडकत होते.

"तुझ्याकडे तो असेल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्या पोटात काही राहत नाही, हे जगजाहीर आहे."

"मदत मागताय की टोमणा मारताय?"

"दोन्ही."

काकूनं पुतण्याला कापायच्या टेबलाखाली बसवलं आणि वरून जमिनीपर्यंत कापड सोडलं.

जाऊबाईंचा हिशेब अर्धाच बरोबर निघाला. काकूच्या पोटात काही राहत नाही, हे शत्रूच्या अधिकाऱ्याच्याही कानावर गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी स्वारी हजर. गावचं लोणी खाऊन तटतटलेला कोट सैल करायचं निमित्त. तो कोट घालून स्टुलावर चढला. त्याला ओळख पटू नये म्हणून जाऊबाई कोपऱ्यात मान खाली घालून बटणं लावत बसल्या.

"तारा तोडणारा तुमचाच पुतण्या ना, बाई? कुठे आहे?"

काकूनं मूठभर टाचण्या ओठांत धरल्या. "हं."

"होऊ द्या तुमचं काम. मी थांबतो." आणि पठ्ठ्यानं टाचण्यांची पेटी हसत हसत उचलून स्वतःच्या हातात धरली.

आली का पंचाईत! हात थांबला तर बोलावं लागणार, हात चालला तर टाचण्या संपणार. काकूनं कोट टाचला, कोटाला सदरा टाचला, सदऱ्याला विजार टाचली. ओठांत एकच टाचणी उरली, तेवढ्यात टेबलाखालच्या सुताच्या कसपटांनी पुतण्याच्या नाकात गुदगुल्या केल्या. आत ओढलेला श्वास काकूला ऐकू आला. तिनं शेवटची टाचणी साहेबाच्या बैठकीत खुपसली.

साहेब असा ओरडला की शिंक त्यातच विरली.

"हलू नये, साहेब. पुतण्याचं विचारत होता ना? त्याची आई माझं तोंड पाहत नाही. का ते ऐका." आणि जीभ सुटली. जाऊबाईंचा आळस, करपलेली भाजी, रात्रभराचं घोरणं. मग साहेबाचाच आचारी, तो साखर कुठे विकतो ते. सगळं खरं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. जाऊबाई आपला उद्धार ऐकत मुकाट्यानं बटणं लावत होत्या.

साहेबाला वाकता येईना, बसता येईना. "पुरे," म्हणत तो लाकडाच्या ओंडक्यासारखा दाराबाहेर पडला. असल्या बाईजवळ गुपित राहील, हे त्याला कसं पटावं? त्याच आठवड्यात पुतण्या सुखरूप सरहद्दीपार गेला.

"मी घोरते?" त्या दिवशी साहेबाची पाठ वळताच जाऊबाईंनी विचारलं होतं.

"घोरता."

लढाई संपल्यावर हा किस्सा गल्लीभर केला तो जाऊबाईंनी, घोरणं गाळून. ते पुतण्याकडून कळलं. काकूला कुणी छेडलं, तर ती टाचण्यांच्या पेटीकडे हात न्यायची.