सोंगाला मंचाची कड दिसत नाही

मंडळी, उद्यासाठी तुमची मदत हवी आहे, म्हणून लिहितो.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव; त्यातल्या सोंगांचं आमचं गाण्याचं नाटक मोखाड्यात भर गर्दीतच होतं. मंच नसतो. उद्या ते पहिल्यांदा ठाण्याच्या एका मोठ्या नाट्यगृहात आहे. आज तिथे तालीम झाली.

देवीचा लाकडी मुखवटा माझा लेक सुरेश घालतो. त्यातून पायाखालचं दिसत नाही. गावात लोक अंगाशी असतात, हात लावून त्याला वळवतात. आज संबळ सुरू होताच तो नाचत निघाला तो थेट मंचाच्या कडेवर. मी ओरडलो, तेव्हा थांबला.

मुखवट्याआडून म्हणाला, "बाबा, माणसं कुठं गेली?"

दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "काका, कडेला पांढरी पट्टी मारू."

"बाई, त्याला पट्टी दिसली असती तर कड नसती का दिसली?"

बाईंनी पट्टीचा विषय सोडला.

उद्या येणार असाल तर पुढच्या रांगेत बसा. नाट्यगृह आहे म्हणून शांत राहू नका, गावासारखा कालवा करा. तुमच्या आवाजावरूनच त्याला कड कळेल.

कोण कोण येतंय?