राक्षसाच्या गळ्यावरचे खवले

तिसऱ्या टेकच्या वेळी राक्षसाच्या गळ्यावरच्या खवल्यांच्या दोनच रांगा पाण्यावर उरल्या होत्या. पहिल्या टेकला पाच होत्या. मी वहीत लिहिलं, ‘वॉटरलाइन मॅच होत नाही.’ आणि त्याखाली पट्टीनं रेघ मारली.

अन्वी, ईशान, त्या रेघेबद्दलच तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी तो पिक्चर शोधून काढलात आणि फोनवर पोट धरून हसलात. समुद्रात कमळाची पानं कशी, आकाशात विमान कसं, लाटा एकाच बाजूनं का येतात. हसा खुशाल, आम्हीही सेटवर हसलो होतो. पण ईशान म्हणाला, “आजी, मॉन्स्टरची मान आधी एवढी वर आणि लगेच एवढी खाली! क्रेडिटमध्ये तुझं नाव आहे. हे बघणं तुझंच काम होतं ना? तुला दिसलंच नाही?”

दिसलं होतं. मी त्या वेळी विषय बदलला, कारण त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. आईकडून हे वाचून घ्या.

माझं काम होतं कंटिन्युइटीचं. पिक्चर तुकड्यातुकड्यानं काढतात. आज नायक दारातून आत येतो आणि खुर्चीवर बसतो तो चार दिवसांनी. पडद्यावर मात्र ते एका क्षणात दिसतं. म्हणून आत येताना त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं का, चहाचा कप अर्धा होता का, हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. तुमच्या आजोबांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा मी इंग्रजीत एम.ए. करून घरी बसले होते. अक्षर चांगलं आणि स्वभाव नीटनेटका, एवढ्या भांडवलावर जाहिरातींच्या युनिटमध्ये शिरले आणि तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर शुभोनं बोलावलं. तो माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतः डायरेक्टर. म्हणाला, “माशीमा, समुद्री राक्षसाचा पिक्चर करतोय. बजेट म्हणाल तर मासे विकत घ्यायलासुद्धा नाही. तुम्ही या.” इथे वयानं मोठ्या बाईला माशीमा म्हणतात, म्हणजे मावशी. मी गेले.

आमचा समुद्र डमडमला होता. एका जुन्या बागबंगल्यामागचं तळं. मोठं, काळ्या पाण्याचं, मधोमध दोन पुरुष खोल. विमानतळ जवळ, म्हणून दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं. काठावर दोघं जण रिकामं पिंप पाण्यात दाबायचे आणि सोडायचे, त्या आमच्या लाटा. ईशान, त्या एकाच बाजूनं का येतात ते आता कळलं असेल.

राक्षस केला होता निताईनं. हा बागबाजारचा कारागीर, पूजेचे मंडप सजवणारा. त्याला फोम आणि थर्माकोल द्या, तो देऊळही करील आणि देवमासाही. त्यानं जाड फोमचा सूट शिवला, वरून रबराचा रंग दिला, गळ्यावर हातानं खवल्यांच्या पाच रांगा रंगवल्या. डोळे होते एस्प्लनेडच्या फुटपाथवर घेतलेल्या दोन टॉर्चचे.

सूटच्या आत बिशूदा. पन्नाशीचे, लहानपणापासून गंगेत पोहलेले, एका क्लबात मुलांना पोहायला शिकवायचे. राक्षसाचं डोकं त्यांच्या डोक्याच्याही वर असायचं. त्यांचं स्वतःचं तोंड राक्षसाच्या गळ्यात यायचं. वरून दुसऱ्या रांगेतले खवले फोमवर नव्हते, तिथे रंगवलेली जाळी होती. त्या जाळीतून ते बघायचे आणि श्वास घ्यायचे. दोन्ही पाय शेपटीत एकत्र बांधलेले. पंजात एक बटण, त्यानं डोळे पेटायचे आणि विझायचे. ठरलं होतं असं, की बिशूदांनी डोळे विझवले तर त्यांना बाहेर काढायचं. पंजा हलवून खूण करता आली नसती, कारण सीनमध्ये राक्षस सारखाच पंजा हलवत होता.

पहिल्या दिवशी घाटाच्या पायऱ्यांवर काम झालं. बिशूदा पाण्याखालच्या पायरीवर कंबरभर पाण्यात उभे होते. दिवसभर आतबाहेर करून सूट ओलाचिंब झालेला. शेवटच्या शॉटमध्ये राक्षस वर येतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून पाण्याच्या धारा लागतात. फार सुंदर दिसलं ते. मी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी त्याच सीनचा पुढचा भाग, पण तळ्याच्या मध्यावर. निताईनं सूट रात्रभर पंख्याखाली वाळवला होता. रिहर्सलमध्ये राक्षस वर आला आणि दोन सेकंदांत पाणी निथळून कोरडा झाला. कालच्या फोटोशेजारी ठेवलं तर दोन वेगळे राक्षस.

मी निताईला बोलावलं. “हा मॅच होत नाही. कालच्यासारखा भिजलेला हवा.”

“ग्लिसरीन मारतो ना माशीमा. चकाकेल.”

“ग्लिसरीननं चकाकेल. धारा कुठून येणार?”

“फोम आहे हो. पाणी प्यायला की सोडत नाही.”

“मग चांगलंच आहे. काल प्यायला होता, आजही पिऊ दे. पाण्यात बुडवून वर विटा ठेव. मी सांगेन तेव्हा काढ.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता. पण वयानं आईएवढ्या बाईशी, तेही तीस वर्षं काम केलेल्या, कोण वाद घालणार? “तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाला. चाळीस मिनिटं सूट विटांखाली बुडवून ठेवला. मी वेळ लिहून घेतली. टेस्टला धारा अगदी कालच्यासारख्या लागल्या. मला समाधान वाटलं.

काय चुकलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. काल बिशूदांच्या पायांखाली पायरी होती. आज पायांखाली काहीच नव्हतं. त्यांना तरंगत ठेवणार होती ती फोममधली हवा. लाइफ जॅकेट वेगळं नव्हतं, सूट हेच लाइफ जॅकेट. आणि त्यातली हवा मी फोटोशी जुळवण्यासाठी विटा ठेवून काढून टाकली होती.

पहिला टेक झाला, तेव्हा पाच रांगा पाण्यावर होत्या. दुसऱ्याला चार. कॅमेरा एका जागी, लाटा त्याच. मी शुभोला म्हटलं, “तो खाली चाललाय. कट जोडताना मान उडी मारेल.”

“माशीमा, राक्षस आहे. पोहणारच वरखाली.”

तिसऱ्याला दोनच रांगा. राक्षसाचं मोठं डोकं तेवढं पाण्यावर, दोन पिवळे डोळे स्थिर, आणि पंजा अगदी सावकाश वर येतो. शुभो मॉनिटरसमोरून उठून उभाच राहिला. “बघा! आज बिशूदा काय करतायत बघा! नुसते डोळे वर! हीच भीती पाहिजे होती मला.”

मला मात्र कसंतरी होत होतं. मला वाटलं, ते शॉट जुळत नसल्यामुळेच. तेव्हा मी ती रेघ मारली. खालून मोजलं, तीन रांगा गेल्या. वरून मोजलं असतं तर कळलं असतं की पाणी जाळीला लागलंय.

शुभोनं काठावरून ओरडून विचारलं, “बिशूदा, ठीक?” पंजा वर आला. ठीक. त्यांना काठाला आणून परत मध्यावर न्यायला वीस मिनिटं जायची आणि ऊन उतरत होतं. “मग आणखी एक घेऊ. असाच, पण थोडा लांबवा.”

चौथा टेक. पिंप दाबलं, लाट गेली. एकच रांग वर. पंजा अर्धा आला आणि थांबला. मग डोळे विझले.

“गेले डोळे,” शुभो वैतागून म्हणाला. “चालू ठेवा, डोळे आपण नंतर एडिटला लावू.”

त्याचं चुकलं नव्हतं. आदल्या दिवसापासून ते डोळे सात वेळा गेले होते. पाणी शिरायचं, निताई पुसायचा, परत लागायचे. त्यामुळे डोळे जाणं ही खूण राहिलीच नव्हती. सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

पण सातही वेळा मी लिहून ठेवलं होतं. माझ्यासमोरच पान उघडं होतं. ‘डावा लुकलुकला, गेला. उजवा मंद.’ ‘डावा गेला. उजवा चालू.’ प्रत्येक वेळी आधी डावा, तोही लुकलुकत. एकदाही दोन्ही बरोबर गेले नव्हते. आत्ता दोन्ही एकदम गेले होते, घरातला दिवा घालवावा तसे.

ते बिघडले नव्हते, बिशूदांनी विझवले होते.

आणि मग माझी नजर त्या एका रांगेवर गेली, आणि ती कुठली रांग आहे ते मला पहिल्यांदा कळलं.

युनिटमध्ये ‘कट’ म्हणायचा हक्क एकाच माणसाला असतो. आग लागली तरी लोक डायरेक्टरकडे बघतात. तीस वर्षांत तो शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. मी ओरडले, “कट!”

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं असणार, म्हातारीला काय झालं.

“माशीमा!” शुभो चिडला. “रोल चालू आहे!”

“डोळे त्यानं घालवलेत! जाळी पाण्याखाली आहे! काढा त्याला!”

माझा आवाज शेवटी मराठीतच फुटला. ‘काढा त्याला’ कुणाला कळलं, कुणाला नाही. पण निताईला कळलं. चपला काढायच्या आधीच तो पाण्यात होता. पिंपवाले दोघं मागोमाग. शेपटीला ओढायचा दोर बांधलेला होता, तो काठावरच्यांनी धरला आणि खेचला. सूट इतका जड झाला होता की सहा जणांना ओढवेना. राक्षसाचं डोकं एकदा पूर्ण बुडालं. डोक्यावरून विमान गेलं. तेवढ्यात काय काय ओरडलो ते ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं.

निताईनं उथळ पाण्यात राक्षसाला धरलं आणि खिशातल्या फोम कापायच्या सुरीनं स्वतः रंगवलेला गळा आडवा कापला. आतून बिशूदांचा चेहरा बाहेर आला. राखेच्या रंगाचा. पाठीवर थापा मारल्या. पाणी ओकले. मग खूप वेळानं, म्हणजे माझ्या घड्याळात वीस सेकंदांनी, खोकले.

त्यांचं पहिलं वाक्य निताईला होतं. “गळा कापलास? आता उद्या काय घालू, तुझं डोकं?”

लोक हसले, रडलेही. आणि मग शुभो निताईवर तुटून पडला. भीती ओसरली की माणसाला राग काढायला कुणीतरी लागतं. “कसला फोम आणलास? माणूस मेला असता! कुणी सांगितलं होतं तुला हा माल वापरायला?”

निताई ओल्या कपड्यांनी उभा, थरथरत होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझं नाव त्यानं घेतलं नाही. घेतलं नसतंच कधी.

माझ्या हातात वही होती. मी चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं. “‘सूट पाण्यात बुडवला, विटा ठेवून. चाळीस मिनिटं. माझ्या सांगण्यावरून. निताईनं ग्लिसरीन सुचवलं होतं, ते नको म्हटलं.’ खाली माझी सही आहे, शुभो. फोमबद्दल मला बोल.”

मीच शुभोला शिकवलं होतं की शीट, म्हणजे ही वहीतली नोंद, खोटं बोलत नाही. आता त्याला ते नको होतं.

बिशूदा घोंगडीत गुंडाळून पायरीवर बसले होते. तिथून म्हणाले, “माशीमा, तुम्ही कुठलंही काम अर्धवट करत नाही. मलासुद्धा अगदी नीट भिजवलंत.”

मी त्यांच्या शेजारी बसले. माफी मागायची होती, पण बंगालीत शब्द सुचेनात आणि मराठीतही नाही. त्यांनी माझं पेन उचललं, बघितलं आणि माझ्या खिशाला परत लावून दिलं.

एक रात्र त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. फुप्फुसात थोडं पाणी गेलं होतं, ताप आला, उतरला. मी सकाळी मेट्रोनं गेले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहिले. परत शूटिंग सुरू झालं तेव्हा सूटमध्ये बूच घट्ट बंद केलेल्या रिकाम्या बाटल्या शिवल्या होत्या, शेपटीतून पाय मोकळे केले होते आणि पाण्यात दोन माणसं कायम हाताच्या अंतरावर होती. चकाकी ग्लिसरीनची. धारा नाहीत. चार शॉटमध्ये राक्षस ओला आहे आणि मधल्या तीन शॉटमध्ये कोरडा. ते तुम्हाला अजून सापडलेलं नाही, आता शोधा.

तिसरा टेक मात्र पिक्चरमध्ये आहे. शुभोनं मला विचारलं, मी म्हटलं बिशूदांना विचार. ते म्हणाले, “ठेवा. त्या एका शॉटमध्ये मी ॲक्टिंग करत नव्हतो.” म्हणून पाच रांगांच्या शॉटला लागून दोन रांगांचा शॉट येतो आणि मान उडी मारते. चौथा टेक कुणी पाहिला नाही. तो पुसून टाकला.

मोठ्या पिक्चरमधले राक्षस कॉम्प्युटरात असतात. त्यांचं काही चुकत नाही आणि त्यांच्या आत कुणी नसतं. असल्या स्वस्त पिक्चरमध्ये फोम उघडा पडतो, शिवण दिसते, विमान जातं, आणि तरी लोक तो बघतात. मला वाटतं त्यांना माहीत असतं की त्या रबरामागे कुणीतरी दम रोखून बसलाय. मला माहीत असायला हवं होतं. मी खवले मोजत होते.

त्यानंतर मी दोनच छोटी कामं केली. दोन्हींच्या शीटवर उजवीकडे पट्टीनं एक जास्तीचा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, ‘आतला माणूस’. प्रत्येक टेकला तो आधी भरायचा आणि मग बाकीचं.