महाराजांचा गरम रुमाल

आता माझ्या फजितीची हकीगत ऐकायचीच असेल, तर चहा ओतण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवून ठेवते. हात धुवायला मागच्या अंगणात गेलेल्या आईला वाटेत काय दिसले, हे मी पाहिलेले नाही. मी आतल्या खोलीत पाटावर बसले होते. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगण्याची मला सवय नाही. बाकीचे सगळे मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडले, आणि दुर्दैवाने माझ्याच हातून घडले!

मी बेळगावकडची. विद्यापीठाची पदवी घेतली, मुलींना व्याकरण शिकवले आणि मग एका वकिलाशी लग्न करून थेट बुऱ्हाणपूरला आले. आईच्या दृष्टीने बुऱ्हाणपूर म्हणजे पृथ्वीचा शेवट. त्यापुढे फक्त असीरगड आणि मग काही नाही. तरी दोन वर्षांनी ती एकटी, गाड्या बदलत, आमच्या सिंधीपुऱ्यातल्या घरी आली. मुलीचा संसार पाहिला, कौतुक केले, आणि पानावर बसायची वेळ आली तशी स्वतःची दशम्यांची पुरचुंडी सोडली.

कारण तुम्हाला ठाऊक आहेच. नातवंडाचे तोंड पाहीपर्यंत मुलीच्या घरचे अन्न घ्यायचे नाही! आमच्या घरी अजून पाळणा हलला नव्हता. मी वरण-भात रांधत होते, आणि माझी आई माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, वाळलेली दशमी केळ्याबरोबर चावत होती. मी या रूढीविरुद्ध तर्कशुद्ध भाषण केले. आईने ते नीट ऐकले आणि दुसरे केळे सोलले.

शेवटी तिच्या परतीच्या आदल्या दिवशी आमच्या वकिलांनी प्रकरण हातात घेतले.

"आई, मुलीच्या घरी जेवायचं नाही, हे मान्य. पण खानावळ कुणाची? महाराजांची. महाराज तुमचे व्याही आहेत का?"

"इश्श! नाहीत."

"मग हरकत कशावर घेता?"

आईने थोडा विचार केला. "जावईबापू, कोर्टात असंच बोलून जिंकता होय?"

"तिथे समोर तुम्ही नसता, म्हणून जिंकतो."

आई हसली, आणि मी तेवढ्यात तिची चप्पल पुढे ठेवली. तुम्हाला कळायचे नाही, मला तेव्हा काय वाटले ते! आईच्या शेजारी बसून एक जेवण जेवायचे, यापलीकडे त्या दिवशी मला जगाकडे काहीही मागायचे नव्हते.

खानावळ राजघाटाच्या वाटेवर. बायकांसाठी आत वेगळी खोली, पाट मांडलेले, खिडकीतून तापीचा वारा. दारातच यांना एका पक्षकाराने गाठले. हे ओट्यावरच थांबले आणि मला म्हणाले, "तुम्ही बसा. मी मांडे सांगून ठेवलेत. आलोच."

मांडे! मला भरूनच आले. आमच्या बेळगावकडचे मांडे म्हणजे साखर-खव्याचे, कागदासारखे पातळ, बोट लागले तरी चुरा होणारे. परक्या मुलखात सासूसाठी हे मांडे शोधून काढणारा जावई किती जणींना मिळतो? मी आईला तेच म्हटले. आई "हो बाई" म्हणाली आणि हात धुवायला मागे गेली.

तेवढ्यात महाराज ताटे मांडून गेले. प्रत्येक ताटाशेजारी केळीच्या पानावर एकेक पांढरे, मऊ, चौघडी घातलेले काहीतरी होते. मी निरीक्षण केले. वस्त्र अतिशय तलम. अर्थात, गाव विणकरांचे! ठिकठिकाणी फिकट तपकिरी डाग. म्हणजे इस्त्री जरा जास्त तापली होती. आणि हाताला गरम. म्हणजे नुकतेच उकळत्या पाण्यातून काढून निर्जंतुक केलेले. पुरावे तीन, निष्कर्ष एक. यात चूक कुठे आहे, सांगा बरे!

आई परत आली. पाटावर बसली. तिने त्या घडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"हे काय गं?"

"रुमाल, आई. आमच्या कॉलेजच्या मडमबाईंकडे जेवायला गेलं की असे द्यायच्या. मांडीवर पसरायचा. म्हणजे लुगड्यावर काही सांडत नाही."

"अस्सं!"

मी घडी उलगडली. उलगडतच गेली. मडमबाईंचा रुमाल याच्या एका कोपऱ्यात मावला असता. हा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर, वर गुडघे झाकून उरला. 'इथल्या लोकांचं मन मोठं' असे मी म्हटल्याचेही स्मरते. आईने पदर सारखा केला आणि आपलाही रुमाल मांडीवर नीट, चुण्या काढून पसरला.

महाराज आमरसाचे पातेले घेऊन आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"वाढा ना, महाराज."

त्यांनी वाढले. पण रस वाढताना ते ताटाकडे न पाहता छताकडे पाहत होते. रस आला, बटाट्याची भाजी आली, आंब्याचे लोणचे आले. खायचे कशाशी?

"महाराज, मांडे?"

"दिले ना बाई."

"कुठे दिले?"

त्यांनी खाली पाहिले आणि भल्या माणसासारखी नजर पुन्हा वर नेली. "मांडीवर हैत."

"मांडी नव्हे हो, मी मांडे म्हणते आहे. मांडी स्त्रीलिंगी. मांडा पुल्लिंगी, त्याचं अनेकवचन मांडे. दोन्ही शब्द अगदी वेगळे."

"हां बाई. मांडेच. मांडीवर."

"पण मांडीचा इथे संबंध काय?"

"मी बी तोच इचार करून ऱ्हायलो, बाई."

आईने पदर तोंडाला लावला. तिला ठसका लागला असावा, असे मी समजले. महाराज बिचारे घामाघूम झाले होते. आपण व्याकरणावरून माणसाला फार ताणले, असे वाटून मी विषय बदलला. रुमालाचे टोक उचलून ओठ टिपले आणि म्हणाले, "तुमची स्वच्छता मात्र वाखाणण्यासारखी आहे. किती गरम आहे हा!"

"गरमच चांगला लागतो, बाई."

"हाताला?"

"नाही, तोंडाला."

"बरोबर! तोंडालाच!" मी म्हणाले, आणि पुन्हा एकदा टिपले.

महाराजांनी पातेले तिथेच ठेवले आणि बाहेर धाव घेतली. ओट्यावरून त्यांचा आवाज स्पष्ट आला. "वकीलसाब, जरा अंदर चला! बाई लोकांनी मांडे पांघरले!"

हे आत आले. बघत राहिले.

"अगं, हे मांडे."

"कुठे?"

यांनी नुसते बोट केले.

बुऱ्हाणपुरात मांडा म्हणजे हातभर रुंदीची, रुमालासारखी घडी घालून वाढायची पोळी. हे या गावात कडेवरच्या लेकरालाही ठाऊक असते. मी टोक उचलले. ज्या टोकाने दोनदा तोंड पुसले होते, तेच. चावून पाहिले. रुमाल किंचित गोड होता.

माझे डोळे भरून आले. हसू नका! आईचे एक जेवण, आणि तेही मी असे मांडीवर घालवले. लुगड्याला लागलेले अन्न माझी सोवळ्याओवळ्याची आई तोंडात घालील? आता तिची दशमीही संपली होती.

तेव्हा आईने हात लांब केला. स्वतःच्या मांडीवरच्या मांड्याला तिने हात लावला नाही. माझ्या मांडीवरच्या मांड्याचा मोठा तुकडा तोडला, रसात बुडवला आणि खाल्ला.

"आई, तुमचा तुमच्यापाशी आहे की!" हे म्हणाले.

"असू दे. मुलीच्या घरचं खायचं नाही, एवढंच आम्हाला सांगितलंय, जावईबापू. मांडीवरच्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही."

वकीलसाहेबांनी हात जोडले. तिने माझा मांडा संपवला, मी तिचा. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून जेवत असे म्हणतात. ते मला आठवत नाही. हे आठवते.

त्यानंतर त्या खानावळीत मी कितीदा गेले असेन! प्रत्येक वेळी महाराज मांड्याबरोबर एक धुतलेले फडके आणतात आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे सांगतात, "बाई, हा ताटात. आन् हा मांडीवर. अदलाबदल नको."

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी लालबाग स्टेशनवर गाडी हलण्यापूर्वी मी आईला खिडकीशी विचारले, "तुला माहीत होतं ना?"

"काय गं?" आई म्हणाली. अगदी त्याच आवाजात, ज्यात आदल्या दिवशी म्हणाली होती, "हे काय गं?"

मी नंतर खानावळीत जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. खोलीतून मागच्या अंगणातल्या मोरीकडे जाणारी वाट चुलीच्या खोलीच्या दाराला लागूनच आहे. त्या दारात गोणपाटाचा पडदा असतो. तो बाजूला सारलेला असला, तर हातावर मांडा फिरवणारे महाराज समोरच दिसतात. ओढलेला असला, तर काही दिसत नाही. महाराजांना विचारले. ते म्हणतात, धूर झाला की सारतो, नाहीतर ओढलेला असतो.

त्या दिवशी धूर झाला होता की नाही, हे त्यांना आठवत नाही.