पाठशाळेच्या भिंतींवर माझा गुळगुळीत हात

पंचवटीतल्या जुन्या वेदपाठशाळेचं मोठं दालन मी दुरुस्त करायला घेतलं आणि बिघडवून ठेवलं. मुळात त्यात बिघडलेलं काहीच नव्हतं.

पाठशाळा बंद पडून बरीच वर्षं झाली. वास्तू मात्र ठणठणीत. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, डोक्यावर लाकडी तक्तपोशी, चुन्याच्या जाडजूड खडबडीत भिंती आणि त्यांत हातभर खोल कोनाडे. माझी मोठी बहीण निवृत्त शिक्षिका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती वस्तीतल्या मुलांचा फुकट वर्ग घ्यायची. सेक्रेटरीने तिला तिथून उठवलं. पाठशाळेचे विश्वस्त म्हणाले, "एक दिवस वर्ग भरवून दाखवा. जमलं तर दालन तुमचं, नाहीतर मंडपवाल्याला गोदामासाठी देतो."

मी जन्म काढला अंबडच्या कारखान्यात, लोखंडाचे भाग घासून गुळगुळीत करण्यात. खडबडीत काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. "ताई, तू फक्त फळा आण, बाकी माझ्यावर सोड," मी म्हणालो. तिने सोडलं. मला लहानपणापासून ओळखत असूनही सोडलं, म्हणजे थोडी चूक तिचीही. विश्वस्तही माझ्या आवेशाला भुलले. मी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, कोनाडे बुजवले, तक्तपोशीखाली पीओपी ठोकलं, जमिनीवर चकचकीत फरशी बसवली. भिंतीत बघून भांग पाडावा, असं काम!

वर्गाच्या दिवशी ताई म्हणाली, "मुलांनो, बसा."

दालन म्हणालं, "बसा, बसा."

संथा देण्याची जुनी रीत अशी, की गुरुजी एकदा म्हणणार आणि विद्यार्थी दोनदा. इथे विद्यार्थ्यांची गरजच उरली नव्हती. या कोपऱ्यातला सातचा पाढा त्या कोपऱ्यातल्या कवितेत घुसला आणि दोन्हींचा काला झाला. चार कोपऱ्यांत चार पाठ एकदम घोकले जाणार, हे धरूनच बांधणाऱ्याने भिंती खडबडीत आणि कोनाडे खोल ठेवले होते. आवाज तिथे मुरायचा. त्याच्या मुरायच्या जागाच मी लिंपून टाकल्या होत्या.

विश्वस्तांनी कानांवर हात ठेवले. "बाई, माफ करा, गोदामच बरं. मंडपाचे बांबू निदान बोलत तरी नाहीत."

ताईचा चेहरा उतरला. मग तिची नजर जिन्याकडे गेली. माडी माझ्या तडाख्यातून वाचली होती, कारण सुरगाण्याचे गवंडी ऐन वेळी भाताच्या लावणीला गावी निघून गेले होते. ती पोरांना घेऊन तडक वर गेली. जरा वेळाने विश्वस्तही गेले. मी खाली कान देऊन उभा.

विश्वस्त उतरले ते मान डोलवतच. "अहो, शब्द न् शब्द कळतो! बाई, माडी तुमची."

मला हुरूप आला. "ताई, गवंडी परत आले की माडीचंही काम काढतो बघ!"

ताई वरूनच ओरडली, "जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून तर बघ, तंगडं मोडून हातात देईन."