मामांचं मेंढरांचं पान

माझ्या बायकोच्या मामांइतका खरं बोलणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या खरेपणामुळं जत तालुक्यात जितकी लग्नं मोडली तितकी हुंड्यापायीही मोडली नसतील. पाहुणे मुलगी बघायला आले की घरची मंडळी मामांना काहीतरी निमित्त काढून रानात पाठवत. आमच्या वेळी ते लवकर परतले. सरळ माझ्यासमोर येऊन बसले, अंगठ्यानं माझी खालची पापणी खाली ओढली, आत डोकावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रगात कमी हाय. पर सोभाव गरीब दिसतोय. पोरगी तापट हाय आमची, जमंल." माझे वडील चहाचा कप तसाच धरून बसले होते. लग्न जमलं ते बहुधा त्या धक्क्यातच.

पापणी ओढण्याची सवय त्यांच्या नोकरीतली होती. तीस वर्षं ते गुरांच्या दवाखान्यात होते. मेंढीच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडली की तिच्या पोटात जंत झाले असं समजायचं, हे त्यांनी किती धनगरांना शिकवलं असेल त्याला मोजदाद नाही. लोक त्यांना डॉक्टर म्हणत, आणि दर वेळी ते थांबून सांगत, "म्या डॉक्टर न्हाई. डॉक्टर येगळं आस्त्यात. म्या त्येंच्या हाताखालचा." एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा हे सांगितल्याशिवाय त्यांना पुढचं बोलता येत नसे. आता ते नाहीत, पण कुणी मला उगाच मोठ्या हुद्द्यानं हाक मारली की अजून माझ्या तोंडात त्यांचं ते वाक्य येतं.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी ते पहिल्या गाडीनं सांगलीला आमच्याकडे आले. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. कॉलेजची वेबसाइट तयार होत असताना तिच्यात फोटो चढवायचं काम माझ्याकडे होतं, तेवढ्यावर सासुरवाडीत माझी कॉम्प्युटरमधला माणूस म्हणून ख्याती झाली होती. मामा बसायच्या आतच म्हणाले, "पाव्हणं, मला मेंढरांचं पान काढून द्या." घरबसल्या लिहून पैसे मिळतात असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. पेन्शन पुरत नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पेन्शन सरकारची हाय. आपल्या अकलंचा पैका कसा आस्तोय, त्यो एकदा हातात धरून बघायचाय." मी इंटरनेटवर पानाचं नाव ठरावीक मुदतीसाठी विकत घेतलं, जागा घेतली, आणि त्यांना ईमेल जमत नव्हता म्हणून सगळीकडे माझाच पत्ता घातला. ही गोष्ट तेव्हा अगदी किरकोळ वाटली होती.

लिहायचं कसं हा प्रश्न आला. एका बोटानं टाइप करताना एक लेख पुरा व्हायला पंधरवडा लागे. म्हणून मी त्यांना मोबाइलवर बोलून लिहायला शिकवलं. त्यांचा पहिला बोललेला लेख माझ्याकडे आला त्यात लिहिलं होतं, 'पोटात जनता झाली की मेहंदी खंगते.' मोबाइलला जंत आणि मेंढी हे दोन्ही शब्द ठाऊक नव्हते. मामांनी हार मानली नाही. मोबाइलला कळावं म्हणून ते पुस्तकी मराठी बोलू लागले. अंगणात उभे राहून, हनुवटी वर करून, "मेंढी. ही मेंढी आहे. मेंढीला अशक्तपणा आला आहे," असं एकेक अक्षर तोडून बोलत. मामी आतून पदर सावरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आवं, कोन सायेब आल्यात?" चहाही टाकला होता त्यांनी.

वर्षभर त्या पानाकडे कुणी फिरकलं नाही. मामा आठवड्याला फोन करून विचारत, "खाती का न्हाई?" आजारी जनावराबद्दल विचारावं तसं. मी म्हणे, आज तिघं येऊन गेले. त्या तिघांत एक मी, एक माझी बायको आणि एक ते स्वतः असत. पण मग हळूहळू मेंढपाळांच्या पोरांच्या हातात मोबाइल आले आणि पान सगळीकडं पोचलं. फलटणकडे, कोरेगावकडे ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवणारे लोक ते वाचू लागले. जाहिराती सुरू झाल्या. पहिली कमाई बँकेत जमा झाली त्या दिवशी मामांनी ती काढून आणली, दिवसभर खिशात ठेवली आणि भेटेल त्याला दाखवली. मामी म्हणाल्या, "त्येवढ्यात मिक्सरबी याचा न्हाई." मामा म्हणाले, "आगं, ह्यो अकलंचा हाय." त्यांना इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

पुढं चारेक महिन्यांनी एक धनगर त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. मामांचा जंतांवरचा लेख त्यानं वाचला होता. लेखाच्या मधोमध एका पावडरीची जाहिरात होती: एका दिवसात जंत साफ. त्यानं ती मागवली आणि कोकरांना पाजली. सतरा कोकरं मेली. तो भांडायला आला नव्हता. एवढंच म्हणाला, "तुमच्या पानावर हुतं, सायेब. मला वाटलं, तुमीच सांगताय."

मामांनी त्याला पाणी दिलं, पिशवी भरली आणि त्याच्याबरोबरच निघाले. आठ दिवस त्याच्या वाड्यावर, रानातल्या मेंढरांच्या तळावर, राहिले. उरलेल्या एकेका मेंढराची पापणी पाहिली, औषधं दिली. तोवरची सगळी कमाई त्याच्या हातावर ठेवली. सतरा कोकरांपुढं ती काहीच नव्हती, पण त्यांच्याजवळ अकलेची म्हणून तेवढीच होती. तिथूनच त्यांनी मला फोन केला.

"पाव्हणं, जायराती बंद करा."

मी म्हणालो, "मामा, जाहिरात कुठली लागावी हे आपल्या हातात नसतं. तुम्ही कुठं खोटं लिहिलंत?"

"म्या न्हाई बोललो खोटं," ते म्हणाले. "पर माझ्या तोंडाशेजारी दुसरं तोंड बोलत हुतं, आन् त्येचं भाडं म्या खात हुतो."

मी जाहिराती काढल्या. परत आल्यावर त्यांनी नवा लेख पाठवला. मथळा होता, 'माझ्या पानामुळे सतरा कोकरे मेली'. हे मथळ्यात कशाला, असं मी म्हणालो. "मग काय लिवू?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना खरोखरच दुसरं काही सुचत नव्हतं. लेखाखाली त्यांनी आपला फोन नंबर घातला होता: औषध घेण्याआधी मला विचारा. तेव्हापासून उजाडलं की फोन वाजू लागे. मामा जेवताना उठत, पूजेतून उठत. कानडी मेंढपाळाशी कानडीत बोलत. मामी म्हणायच्या, "पैसं बंद झालं आन् फोन सुरू झालं." मामा हसत, पण ते पहिल्यासारखं हसणं नव्हतं. सतराचा आकडा त्यांना कुठंही सोसत नसे. एकदा खुर्च्या मोजून 'सतरा झाल्या' म्हणणाऱ्या माझ्या मेव्हण्याकडे ते इतका वेळ बघत राहिले की तो घाबरला.

गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन ते गेले. दिवसपाणी झालं, मी सांगलीला परतलो, कॉलेजात प्रवेशांची गर्दी सुरू झाली. त्याच दिवसांत माझ्या ईमेलवर नूतनीकरण करा, नूतनीकरण करा अशी पत्रं येत होती. मला त्या जाहिराती वाटल्या. मी न उघडता पुसून टाकल्या.

चार महिन्यांनी त्या सतरा कोकरांच्या धनगराचा फोन आला. "सायेब, मामांचं पान उघाडलं की पत्त्यांचा जुगार येतोय. एक बाई नाचतीया." मी उघडून पाहिलं. नावाची मुदत संपली होती, आणि वाचणारे येतात म्हणून कुणीतरी ते नाव उचललं होतं. लेख पुसले गेले होते, आणि लेख पानावर चढला की मोबाइलमधला मूळ मजकूर पुसायची मामांची आणि माझीही सवय होती. जाहिराती नकोत म्हणणाऱ्या माणसाच्या जागेवर आता नुसत्या जाहिराती होत्या, आणि हे माझ्या हातून झालं होतं.

मामींना सांगायला मी जतला गेलो. मामांचा मोबाइल त्या रोज चार्ज करून ठेवत, फोन आला की "ते गेलं" एवढं सांगत. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हल्ली फोन येत न्हाईत. मला वाटलं, मेंढरं बरी हायत."

मला तिथं बसवेना. तसाच मी त्या धनगराकडे गेलो. त्यानं आपला मोबाइल पुढं केला. "रानात रेंज नसती, म्हणून फोटू मारून ठिवल्यात." मामांच्या लेखांचे एकतीस फोटो होते. काही तिरके, काहींवर त्याच्या बोटाची सावली, काहींच्या कडा कापलेल्या.

आता रविवारी मी ते बघून बघून पुन्हा टाइप करतो. नवं नाव घेतलंय. त्याची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिलीय. एक लेख कोकराला जवळ न घेणाऱ्या मेंढीवर आहे. मामांनी लिहिलंय, यावर औषध नाही. अशा वेळी माणसानं मेंढीजवळ शांत बसावं, आणि. तिथं फोटो संपतो. पुढची ओळ कापली गेली आहे. मी धनगराला फोन करून विचारलं, पुढं काय होतं?

"आटवत न्हाई, सायेब," तो म्हणाला. "म्या नुसता बसतो."

मीही त्या 'आणि'च्या पुढं काही लिहिलं नाही.