सतरंजीवरची चौथाई

लातूरच्या क्लासमध्ये पालकसभा होती. आबांना सतरंजीवर बसवलं. त्या दिवसापासून मी बदलले.

क्लासची तशी रीतच होती. चाचणीच्या मार्कांवरून पोरांचे चार भाग करायचे. पहिला भाग पंख्याखाली, शेवटचा दाराजवळ. पालकसभेला आईबापही लेकराच्याच भागात बसत. वरच्या भागांना खुर्च्या, शेवटच्याला सतरंजी. आबा चाकूरला कपडे शिवायचे. सभेसाठी दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

सर आमच्याकडे हात करून म्हणाले, ही पंचविसाव्या पर्सेंटाइलच्या खालची पोरं.

आबा उठले. "सर, माझ्या लेकीला पंचवीसबी मार्क न्हाईत का?"

खुर्च्या हसल्या. सरही हसले. "मार्क कितीबी पडू द्या, मामा. तुमची जागा हीच."

आबांनी मान खाली घातली. ती मान मला सहन झाली नाही.

मी उभी राहिले. मला अडुसष्ट मार्क आहेत, हे आधी आबांना सांगितलं. मग सगळ्यांना. शंभर पोरं मार्कांच्या क्रमाने उभी केली, तर खालची पंचवीस जिथे संपतात ती रेघ म्हणजे पंचविसावं शतमक, सरांचं पर्सेंटाइल. तेच पहिलं चतुर्थक. पन्नासावं दुसरं, पंचाहत्तरावं तिसरं. तीन रेघा, चार भाग. रेघ जागा सांगते. कुणाला किती येतं, ते सांगत नाही.

सर म्हणाले, खाली बस.

"बसत नाही. आम्हाला आज काढून टाका, सर. उद्या या खुर्च्यांतलीच चौथाई सतरंजीवर येईल. सगळ्यांना नव्वदच्या वर मार्क पडले तरी येईल."

पुढून कुणीतरी म्हणालं, "लई बोलायली पोरगी."

"व्हय," आबा म्हणाले. "बोलू द्या तिला."

पुढची एक खुर्ची रिकामी होती. मी आबांचा हात धरून त्यांना तिथे नेलं. सभा संपेपर्यंत ते तिथेच बसले. ताठ.

दुसऱ्या दिवशी क्लासने माझं नाव पटावरून काढून टाकलं. मी चाकूरला, मशीनच्या आवाजात, एकटीने अभ्यास केला.

या वर्षी आबा गेले. दुकानाला कुलूप आहे. मी नांदेडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. चतुर्थकं, शतमकं, सगळं शिकवते. मार्क बघून माझ्या वर्गात कुणाला बसवलं जात नाही, आणि मी आहे तोवर कुणाला बसवू देणार नाही.